मनाची उधारी

दुकान तोट्याने बुडत नाही, लपविलेल्या तोट्याने बुडते, ही गोष्ट पेठेत बसणाऱ्या मनुष्यास नव्याने सांगावयास नको. माल पडून राहिला, भाव उतरला, एखाद्या कुळाने हात वर केले, तरी रोजमेळ नित्य लिहिला जात असेल आणि खतावणीत खरा आकडा पडत असेल, तर दुकानदार वेळीच सावध होतो. खर्च आवरतो, सावकारास भेटून मुदत मागून घेतो आणि दोन-तीन हंगामांत पुन्हा उभा राहतो. उलट जो आजचा तोटा उद्याच्या उधारीने झाकतो आणि उद्याची उधारी फेडावयास परवा तिसऱ्याकडून अधिक व्याजाने रक्कम उचलतो, त्याचे दिवाळे केवळ तिथीची वाट पाहत असते. व्यवहारातला हा नियम ज्यांस तोंडपाठ आहे, तेच लोक आपल्या मनाचा हिशेब मात्र नेमका उलट्या रीतीने ठेवतात, हे पाहून आम्हांस आश्चर्य वाटते व खेदही होतो. दुःख झाले तर ते झाकावे, भीती वाटली तर ती गिळावी, आणि झाकणे वा गिळणे अशक्य झाले म्हणजे एखाद्या व्यसनाकडून चार घटकांची विश्रांती उसनी आणावी, अशी आपल्या समाजाची रीत पडून गेली आहे. या रीतीने किती घरे बसली याची मोजदाद कोणत्याही दप्तरात होत नाही. म्हणून या विषयावर आज स्पष्टपणे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे, की चिंता, शोक, खिन्नता, संताप आणि लाज हे विकार कोणासही चुकलेले नाहीत आणि ते असणे हा दोष नव्हे. चिंता पुढील संकटाची वर्दी देते. संताप अन्यायाची जाणीव करून देतो. लाज चारचौघांतील आपले स्थान सांभाळावयास शिकविते. शोक हे गेलेल्या माणसावरील मायेचेच दुसरे रूप होय. ज्याला मुलीच्या आजारपणाची चिंता वाटत नाही किंवा आईच्या मरणाने दुःख होत नाही, त्याला आपण खंबीर म्हणत नाही, दगड म्हणतो. तेव्हा विकार उत्पन्न होणे हे निरोगी मनाचेच लक्षण आहे. परंतु ताप जसा एका मर्यादेपलीकडे गेला किंवा दिवसेंदिवस उतरेनासा झाला म्हणजे त्यास औषध लागते, तशीच गोष्ट मनाचीही आहे. सतत दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे अथवा पूर्वीच्या आवडीच्या गोष्टींतील गोडी नाहीशी होणे, आणि त्याबरोबर झोप मोडणे, अन्न न जाणे, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहो असे वाटू लागणे व नित्याच्या कामात खंड पडणे, अशी लक्षणे दिसली म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास नैराश्याचा विकार असे नाव देते. तो मधुमेहासारखाच खरा विकार आहे, आणि त्यावर उपायही आहेत.

आपल्याकडे अडचण अशी, की हा विकार आपल्या नावाने दाराशी येत नाही. ‘मला खिन्न वाटते’ असे सांगणारा मनुष्य शेकड्यात एखादा. बाकीचे म्हणतात, छातीत धडधडते, पित्त उसळते, डोके जड होते, अंग मोडून येते. मग तपासण्यांवर तपासण्या होतात, सारे निकाल स्वच्छ येतात, आणि घरचे लोक ‘याला काही झालेले नाही’ असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. पुरुषांत तर खिन्नता पुष्कळदा चिडखोरपणाचा वेष घेऊन वावरते; ज्याला आपण तापट म्हणून दूर ठेवतो तो आतून खचलेला असणे अगदी संभवनीय आहे. शरीराच्या तक्रारीची तपासणी करू नये असे आमचे म्हणणे नाही. ती अवश्य करावी. परंतु शरीरात काही सापडले नाही म्हणजे दुखणेच नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

हा काही थोड्या लोकांचा प्रश्न आहे, असे समजून कोणी पुढचा मजकूर सोडून देऊ नये. बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु आपले राज्य फार निराळे असेल असे मानावयास आधार दिसत नाही. त्या पाहणीत प्रौढ लोकसंख्येपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, म्हणजे दहांत एक. त्याहूनही विचार करावयास लावणारा आकडा दुसरा आहे. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. दहांतला जो एक आजारी, तो बहुधा आपला आजार एकट्यानेच निभावीत होता. तो कसा निभावतो, हाच आजचा खरा प्रश्न होय.

निभावण्याचा सर्वांत साधा आणि म्हणून सर्वांत फसवा मार्ग म्हणजे टाळणे. बँकेचे पत्र आले, ते न फोडताच खणात टाकले. ज्याचे देणे आहे त्याच्या गल्लीतून जाणे सोडले. फोन वाजला तर तो उपडा ठेवला. वहीत आकडा लिहावयाचा राहिला, तो ‘उद्या पाहू’ म्हणून राहूनच गेला. टाळण्याने त्या क्षणी छातीवरचा भार खरोखर हलका होतो, आणि घात होतो तो येथेच. मनाला एकदा कळले की तोंड फिरविल्याने भीती ओसरते, म्हणजे ते पुढच्या वेळी आणखी लवकर तोंड फिरविते. आणि ज्या गोष्टीकडे आपण पाहत नाही ती अंधारात मोठी मोठी होत जाते. पत्र न उघडल्याने व्याज थांबत नाही. याच जातीचा दुसरा एक प्रकार सभ्य समजला जातो, तो म्हणजे स्वतःस कामात गाडून घेणे. पत्नी वारल्यानंतर तिसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन बसणाऱ्या गृहस्थाची आपण वाहवा करतो. काम हे दुःखात चांगली सोबत आहे, यात शंका नाही. परंतु रात्री दहापर्यंत कुलूप न लावणारा मनुष्य व्यापारासाठी बसला आहे की रिकाम्या घरास भिऊन बसला आहे, हे त्याच्या आप्तांनी पाहावयास नको काय?

दुसरा मार्ग दारूचा व तंबाखूचा. नीती-अनीतीचा वाद घटकाभर बाजूस ठेवून या व्यवहाराचा केवळ जमाखर्च मांडू. दारू मेंदूचे काम मंद करते, त्यामुळे प्रथम चिंता शमल्यासारखी वाटते व झोपही लागते. परंतु तिचा अंमल उतरू लागला की तोच मेंदू अधिक क्षुब्ध होतो. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते, आणि सकाळी कालच्यापेक्षा मोठी धडधड घेऊन मनुष्य उठतो. ती शमविण्यास संध्याकाळी पुन्हा पेला लागतो. तंबाखूची गोष्टही अशीच आहे. विडी ओढणारा म्हणतो, हिने डोके शांत होते. वस्तुतः मागच्या विडीचा अंमल उतरल्याने जी तळमळ सुरू झालेली असते तीच काय ती या विडीने थांबते. म्हणजे दुखणे देणारा आणि औषध विकणारा दुकानदार एकच! महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्यांची चोरटी विक्री वरचेवर पकडली जाते. माजघरातील मशेरीकडे तर व्यसन म्हणून कोणी पाहतही नाही. ज्या स्त्रीला सासरी मन मोकळे करण्यास एकही माणूस नाही, तिने दुपारी घटकाभर मशेरी लावीत बसावे आणि तेवढीच तिची विश्रांती असावी, यात दोष तिचा किती आणि घराचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरा मार्ग आमच्या व्यापारी वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. तोटा झाला म्हणजे तो एका फटक्यात भरून काढण्याची जी उर्मी येते, तीस पुष्कळ लोक धाडस समजतात. ते धाडस नसते. हरल्याची लाज सहन न होऊन केलेली ती पळवाट असते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तिगत सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटाच झाला, आणि त्या तोट्याची एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होती. त्यांतील प्रत्येक जण मनाच्या व्यथेने खेळत होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु पहिल्या तोट्यानंतर जो रात्री जागून दुसरा सौदा लावतो, आणि घरी विचारले असता ‘सर्व ठीक आहे’ असे सांगतो, त्याला बाजाराच्या सल्लागारापेक्षा जवळच्या माणसाची गरज अधिक असते.

चौथा मार्ग संतापाचा. बाजारात ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागली त्याचा राग घरी ताटावर, बायकोवर आणि पोरांवर निघतो. ‘एकदा ओरडून घेतले म्हणजे मन मोकळे होते’ अशी एक समजूत प्रचलित आहे. मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून ती तपासली तेव्हा उलटेच दिसून आले. आदळआपट करण्याने राग निवत नाही, त्याची सवय मात्र जडते. आणि यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. घरातील मारहाण व छळ यांपासून स्त्रियांस संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला. मनाचे दुखणे हे हात उगारण्याचे कारण असू शकेल. ते समर्थन कदापि होऊ शकत नाही, हे आम्ही निक्षून सांगतो.

आता या चारही मार्गांत साधारण काय आहे ते पाहा. चारही मार्ग तात्काळ आराम देतात. चारही मार्गांत मूळ दुखणे जसेच्या तसे राहते. आणि चारही मार्ग पुढच्या खेपेस अधिक मात्रा मागतात. पेठेच्या भाषेत बोलावयाचे तर ही चढत्या व्याजाची उधारी आहे. हे मार्ग धरणारे लोक मूर्ख अथवा दुर्जन असतात असे नव्हे. बुडणारा मनुष्य हाताला लागेल ते धरतो. म्हणून केवळ निंदा करून त्याच्या हातचे लाकूड हिसकावून घेणे निरर्थक आहे; त्याच्याकडे आधी दोर टाकला पाहिजे.

तो दोर म्हणून आपल्याकडे अजूनही पुष्कळदा मांत्रिकाचा गंडा पुढे केला जातो. बाळंतपणानंतर काही स्त्रियांस खिन्नतेचा विकार जडतो. मूल जवळ घेववत नाही, रडू आवरत नाही. हा वैद्यकास चांगला ठाऊक असलेला व उपचाराने बरा होणारा विकार आहे. परंतु त्या बाईस बाहेरची बाधा ठरवून तिच्यावर धुपाऱ्याचा मारा करणारी घरे नाहीशी झालेली नाहीत. असल्या समजुतींची परमावधी कोठे होते ते तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. दर्ग्याच्या आसऱ्याने चालविलेल्या एका आश्रमात साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत सापडले आणि पळता न आल्यामुळे मरण पावले. आपल्या राज्यात भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास बांधणे व मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. या कायद्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात खून झाला, हे विसरता येत नाही. देवावर श्रद्धा ठेवून कोणास धीर येत असेल तर त्याच्या आड आम्ही येत नाही. प्रार्थना करावी आणि डॉक्टरकडेही जावे. परंतु जो डॉक्टरकडे जाऊ नको म्हणतो आणि पैसे व साखळी मागतो, त्याच्यापासून आपले माणूस दूर ठेवावे.

येथे कोणी म्हणेल, की आमच्या वाडवडिलांनी दुष्काळ, पटकी आणि प्लेग पाहिले, त्यांना मनाचे डॉक्टर लागले नाहीत. मन घट्ट करणे हाच खरा उपाय. यास आमचे उत्तर त्याच वाडवडिलांच्या पोथ्यांतून देता येते. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग असे आहे. आपली गात्रे शिथिल झाली आहेत, तोंडास कोरड पडली आहे, अंग कापते आहे, धनुष्य हातातून गळते आहे आणि मन भ्रमल्यासारखे झाले आहे, असे त्या काळचा श्रेष्ठ योद्धा दोन सैन्यांच्या मधोमध सांगतो. श्रीकृष्णाने प्रथम त्याची निर्भर्त्सना केली, हे खरे. पण ती दोन श्लोकांत संपली, आणि तिचा उपयोग झाला नाही. अर्जुन ‘लढणार नाही’ म्हणून गप्पच बसला. मग पुढे अठराव्या अध्यायापर्यंत जे चालले ते प्रश्न आणि उत्तर, शंका आणि समाधान, असे संभाषण होते. आम्ही मात्र ते दोन श्लोक तेवढे उचलले आणि बाकीची गीता सोडून दिली!

दुसरे उदाहरण तर व्यापाऱ्यांच्या घरचेच आहे. देहूचे तुकोबा हे वाण्याचा व्यवसाय असलेल्या घराण्यातले. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे द्रव्य गेले, पहिली पत्नी अन्नावाचून वारली, व्यापार बसला. हे सारे त्यांनी अभंगांत आपल्या तोंडाने सांगितले आहे. इतकेच नव्हे तर त्या आपत्तीत आपल्याला लाज वाटली, हेही त्यांनी लपविले नाही. महाराष्ट्र ज्यांच्यापुढे मस्तक नमवितो त्यांना आपला तोटा आणि आपली लाज उघड बोलण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपण कोणत्या मोठेपणासाठी ती झाकून ठेवतो?

आणखी एक आक्षेप अधिक वजनाचा आहे. कर्ज, बेकारी, हुंड्याचा काच, सासुरवास ही दुःखे खरी आहेत. ती बोलण्याने कशी जातील? आम्हांस हे पूर्णपणे मान्य आहे. कर्जावर उपाय कर्जफेडीचा आणि छळावर उपाय न्यायाचा, औषधाच्या गोळीचा नव्हे. परंतु ज्याची झोप गेली आहे आणि ज्याला ‘आता सर्व संपले’ असेच दिसत आहे, तो सावकाराशी तडजोड कशी करणार, वकिलाकडे कागद घेऊन कसा जाणार? मन सावरणे ही संकट निवारण्याची पहिली पायरी आहे. ती चढल्याने वरची पायरी चढावी लागत नाही, असे मात्र कोणी समजू नये.

आता योग्य उपाय कोणते ते सांगतो. ते साधे आहेत, आणि म्हणूनच त्यांची उपेक्षा होते. पहिला उपाय, विकारास त्याचे नाव देणे. ‘मला कसेसेच होते’ यापेक्षा ‘मला वसुलीची भीती वाटते’ किंवा ‘भावाने माझा अपमान केला याचा मला राग आला आहे’ असे स्वतःशी म्हटले की अर्धा गोंधळ मिटतो. दुसरा, चिंतेस दिवसाची एक वेळ बांधून देणे. संध्याकाळी अर्धा तास कागद घेऊन बसावे. ज्या गोष्टींचे उद्या काही करता येईल त्या एका बाजूस, ज्यांचे काही करता येत नाही त्या दुसऱ्या बाजूस लिहाव्या. पहिल्या बाजूतील एक काम दुसऱ्या दिवशी उरकावे, आणि रात्री अंथरुणात चिंता आली तर तिला उद्याची वेळ सांगावी. तिसरा, आपले विचार तपासणे. ‘माल परत आला, आता बाजारात माझी पत संपली, मी कशाच्याच लायकीचा नाही’ या वाक्यात पहिला भाग घटना आहे, दुसरा अंदाज आहे आणि तिसरा स्वतःस दिलेली शिवी आहे. अशा विचारांची साक्षीपुराव्याने उलटतपासणी घेण्याचे शास्त्र अमेरिकेत अल्बर्ट एलिस व आरन बेक यांनी १९५० आणि १९६० नंतरच्या दशकांत उभारले. एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणून पोहोचविला. चौथा उपाय, झोपेची व उठण्याची वेळ सांभाळणे, रोज चालणे, आणि मन नको म्हणत असतानाही एखादे लहानसे नित्याचे काम हातावेगळे करणे. कारण खिन्नतेत उत्साह आधी येऊन काम मागून होत नाही, काम आधी करावे लागते व उत्साह मागून येतो. पाचवा आणि सर्वांत मोठा, एका तरी विश्वासाच्या माणसाजवळ खरे बोलणे. आणि एवढ्याने भागले नाही तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जाणे. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत निराश होऊ नये, आणि डॉक्टरास विचारल्यावाचून ती मध्येच सोडू नयेत.

व्यसन जडलेल्यांच्या घरच्यांस एक सूचना. फार दिवस भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात तोडली तर कंप, झटके आणि वात होण्याचा धोका असतो, आणि त्यात प्राणही जाऊ शकतात. म्हणून दारू सोडावयाची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. शपथेपेक्षा सोबतीचा उपयोग अधिक होतो, हा अनुभव जुना आहे. अमेरिकेत १९३५ साली एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद या दोन मद्यासक्तांनी एकमेकांस आधार देऊन अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ सुरू केली. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले, त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार मिळाला. समाजाने मनावर घेतले म्हणजे काय उभे राहते, याचा हा आपल्याच भूमीतील दाखला आहे.

खचलेल्या माणसाशी वागावे कसे, हेही लिहिणे प्राप्त आहे. उपदेशाची घाई करू नये. ‘तुझ्यापेक्षा वाईट स्थितीतले लोक आहेत’ हे वाक्य तर बोलूच नये. जवळ बसावे, विचारावे आणि ऐकावे. कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागला, एकाएकी निरवानिरव करू लागला, जवळच्या वस्तू वाटू लागला, तर त्यास एकटे सोडू नये. त्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत खोटी आहे. विचारणारा भेटला म्हणजे बहुधा सुटका वाटते. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी भिंतीवर लिहिलेला असावा. त्यावर मराठीतूनही बोलता येते, आणि त्यास पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या भीतीने पूर्वी घरे तोंड मिटून बसत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. रुग्णास साखळीने बांधण्यास त्याच कायद्याने मनाई केली, आणि विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारासही विमा द्यावा असे बंधन घातले. विमापत्र घेताना व्यापाऱ्यांनी हे कलम आपल्या विम्यात उतरले आहे की नाही ते पाहून घ्यावे.

अखेरीस आमच्या मागण्या. सरकारकडे मागणे असे, की सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा जो हक्क २०१७ च्या कायद्याने प्रत्येकास दिला, तो तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचवावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालापासून कागदावर आहे. तेथे मंजूर असलेली पदे भरावी आणि साधी औषधे संपू देऊ नयेत. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांकडे बोट दाखवून हे कर्तव्य संपत नाही. चिंता व खिन्नता यांच्या रुग्णास वेड्यांचे इस्पितळ नको असते, आपल्या गावचा दवाखाना हवा असतो.

परंतु आमचे मोठे मागणे व्यापारी मंडळींकडे आहे. प्रत्येक व्यापारी संघाने महिन्यातून एक दिवस आपल्या सभागृहात समुपदेशकास बसवावे. गुमास्त्याने मनाच्या आजारासाठी रजा मागितली तर तापाच्या रजेप्रमाणेच ती द्यावी, आणि त्याची चर्चा दुकानभर करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वसुली करावी, बेअब्रू करू नये. येणे मागणे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे. पण चारचौघांत पाणउतारा करणे, घरच्या बायकामाणसांस फोन करून छळणे, नावाची दवंडी पिटणे, यांनी पैसा वसूल होण्याऐवजी माणूसच हातचा जातो. लाजेने कोंडलेला ऋणको काय करून घेईल याचा नेम नसतो; आणि आज धनको असलेला उद्या ऋणको होत नाही, असे पेठेत कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो ते वहीत नफाच लिहिला जाईल म्हणून नव्हे, तर खरा आकडा लिहिला जावा म्हणून. घराच्या वहीचाही तोच नियम असावा. नवऱ्याने बायकोस, बापाने मुलास, भागीदाराने भागीदारास ‘माझे ठीक नाही’ असे सांगता यावे आणि ऐकणाऱ्याने ते न हसता ऐकून घ्यावे, एवढी सुधारणा करावयास ना कायदा लागतो ना वर्गणी. ती आपल्या घरापासून सुरू करावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.